दोन टक्के

राजारामपुरीत, सन्मती उपाध्येच्या दुकानात,
काउंटरवर रुमाल अंथरून तीन यंत्रं मांडलीत,
सोनार जोडवी मांडतो तशी.
"काका, जाणार कुठवर?"
धनुष्कोडी, म्हणालो. दिवाळी झाली की.
कामावरचं पोरगं माझ्या पोटाकडं बघून
गप्प बसलं.

पहिलं उन्हावर चालतं, ऊन असेतोवर.
दुसरं सगळं काचेचं. बोट लावलं की नकाशा सरकतो.
सन्मतीच्या बोटाला हंपी येते, तुंगभद्रा येते,
माझ्या बोटाला काहीच येत नाही.
उजव्या तर्जनीचं एक पेर उद्यमनगरात राहिलं,
शहाऐंशी साली, दुसऱ्या पाळीत, लेथवर.
उरलेल्यांना एवढे घट्टे
की काचेला वाटत असेल, कुणी लाकूड टेकवतंय.
सन्मती काच पुसून म्हणतो, पुन्हा लावा.
मी काच सोडून बोट पुसतो.
राहू दे. बटणाचं दाखव.

बटणाचं म्हणजे साबणाच्या वडीएवढं, जाडजूड.
किंमत ऐकली आणि मनात भागाकार केला :
माझ्या पहिल्या सायकलीसारख्या एकवीस सायकली.
शालन म्हणालीच होती,
"फोन आहे की. आणि तोंड आहे की विचारायला."
तोंडानंच फिरलो इतकी वर्षं.
बिडी संपायच्या आत पोचाल, म्हणाला होता एकजण
चंदगडाकडं.
बारा किलोमीटर निघालं.
बिडी मोटारसायकलवर ओढत असणार तो.

"रविवारपर्यंत न्या," सन्मती म्हणाला,
"फुटलं तर तुमचं."

रविवारी पहाटे गगनबावड्याचा रस्ता.
बालिंग्याच्या पुलावर धुकं,
गुऱ्हाळं अजून पेटली नव्हती,
पुढं दस्तगीर मुल्लाणी, नेहमीसारखा, पाठीला ताठ.
साळवण सोडलं की एक पट्टा लागतो,
पाणसळ लावून केल्यासारखा सपाट.
अठ्ठावीस वर्षं तिथं माझा दम तुटतो.
आधी तंबाखूला बोल लावला.
मग चेनीला, मग वाऱ्याला,
मग उतरून चाक हातानं फिरवून बघितलं, ब्रेक घासतोय का.
मग वयाला. तिथं बोलणं थांबलं.
दस्तगीर मागं न बघता हळू व्हायचा,
बाटली काढायचा, टोपण लावत बसायचा,
मी गाठेपर्यंत.
कधी आभार मानले नाहीत. उपकार मात्र मोजले.

यंत्राच्या कोपऱ्यात एक काळा त्रिकोण आला.
दोन टक्के.
मग अडीच.
मग पुन्हा दोन, आणि तसाच राहिला,
असळजेपर्यंत.

मी उतरलो.
तो वळून आला. "पंक्चर?"
चढ आहे हा.
"कुठं?"
इथंच. आपण उभं आहोत तिथं.
त्यानं हँडलला गाल टेकवून रस्ता बघितला,
सुतार फळीची धार बघतो तसा, एक डोळा मिटून.
डोळ्याला काही दिसलं नाही.
मग आकडा बघितला. मग हातातली बाटली बघितली,
ती भरलेलीच होती.
"म्हणजे मी थांबायचो ते..."
एवढंच म्हणाला.
ऊसातून एक टिटवी ओरडत गेली.

वर घाटाच्या तोंडाशी यंत्र गप्प झालं,
खाली कोकण कुठं सुरू होतं ते त्याला सांगता येईना.
मला त्याचा राग आला नाही.
बटण दाबलं, अर्ध्या बोटानं,
टक् झालं. बोटाला कळलं, दाबलं गेलं.

परतताना त्याच पट्ट्यावर
दोघांचे पाय निवांत, सायकली आपसूक पळताहेत.
वा, काय पळतोय आपण, म्हणायचो इथं दर वेळी,
कळ्यात चहा पिताना घरच्यांना फोनवरही सांगायचो.
तेही आमच्याच खात्यावर जमा होतं.

दस्तगीर बऱ्याच वेळानं बोलला.
"बटणाचंच घे."
पुढं, बालिंग्याजवळ,
"आणि हे दोन टक्क्यांचं
सन्मतीला सांगत बसू नको."